अळिवाचं झाड

डिसेंबर लागला की माझी चिडचिड सुरू होते. तशी मी चिडकी नाही. चारचौघांत माझ्या तोंडून शब्दच फुटत नाही, चिडणं तर लांबच. पण डिसेंबरात काहीतरी होतं. सकाळी गॅलरीत पाय ठेवला की फरशी गार लागते. समोरच्या गच्चीवर पोरं पतंगांना दोऱ्याचे किन्ना बांधत बसलेली असतात. बडोद्यातल्या उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, अजून महिना असतो, पण त्यांना धीर नसतो. खालून भाजीवाली 'लीलुं लसण, लीली हळदर' असं ओरडत ओला लसूण, ओली हळद विकत जाते. आणि मी स्वयंपाकघरात स्टुलावर चढून अळिवाचा डबा शोधत असते. डबा कधीच जागेवर नसतो. माझी सून मीनल तो दरवर्षी कुठेतरी नीट ठेवते. आमच्या घरात नीट ठेवलेली वस्तू सापडत नाही.

यंदा डबा सापडला तो पापडांच्या पिंपात, तळाशी. उघडून बघते तर आत राजगिरा. स्टुलावरून उतरले आणि तिथेच खाली टेकले. रेवाच्या एका जुन्या वहीची मागची पानं कोरी आहेत, ती घेतली आणि लिहायला बसले. कुणाला दाखवायचं नाही, म्हणून जसं आठवेल तसं.

रेवा माझी नात. आता नववीत आहे, माझ्यापेक्षा वीतभर उंच. तेव्हा ती पहिलीत होती, आणि तिचा भाऊ तनू चार वर्षांचा. मीनल दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला, माझा मुलगा कारखान्यात पाळीवर, आणि दिवसभर ही दोन पोरं माझ्या अंगावर. एका संध्याकाळी मीनलनं फोन बघता बघता कपाळाला हात लावला.

"आई, शाळेचा मेसेज आहे. ख्रिसमस ट्री करायचाय. घरी, हातानं. थर्माकोल नको, प्लास्टिक नको, विकतचं काही नको. मुलांनी स्वतः करायचा."

"मग करू देत की स्वतः," मी म्हटलं.

"आणि बावीस तारखेला आजीनं किंवा आजोबांनी मुलाबरोबर वर्गात यायचं. झाड कसं केलं ते वर्गाला सांगायचं."

मी भाजी परतत होते. परततच राहिले. मागून रेवा म्हणाली, "मी मिसला सांगून टाकलं, माझी आजी येणार. सगळ्यांत पहिला हात माझा होता."

आता हे कसं सांगावं? त्या शाळेचं फाटक मी एकदाच ओलांडलं होतं, रेवाला पहिल्यांदा घ्यायला गेले तेव्हा. आत शिरल्याबरोबर टेबलावर मोठं रजिस्टर होतं, त्यात नाव लिहायचं. माझ्यामागे दहा-बारा बायांची रांग. मी चौथी शिकलेली. वर्तमानपत्र वाचते, गुजराती पाट्या वाचते, पण चारजणी बघत असल्या की माझा हात जड होतो. 'शालिनी'तला 'शा' लिहून झाला आणि पेन थांबलं. चौकीदार चांगल्या मनानं म्हणाला, "बा, अंगूठो चालशे." मागं कुणीतरी हसलं. कदाचित दुसऱ्याच कशाला हसलं असेल. त्या दिवसापासून मी रस्त्यापलीकडे लिंबाखाली, सँडविचच्या गाडीशेजारी उभी राहायची. शाळा सुटली की चौकीदार रेवाला हात धरून रस्ता ओलांडून द्यायचा. कुणी काही विचारलं नाही. त्या लिंबाखाली माझी जागाच ठरून गेली होती.

आणि ही सहा वर्षांची पोर सगळ्यांत पहिला हात वर करून आली होती.

मी मनाशी ठरवून टाकलं. झाड करून देऊ. बावीस तारखेला सकाळी गुडघा धरायचा. गुडघा खरंच दुखतो अधूनमधून, त्यामुळे खोटं अर्धंच.

पण आधी झाड. मी आयुष्यात ख्रिसमसचं झाड केलं नव्हतं. फतेगंजकडच्या दुकानांत डिसेंबरात लटकवलेली हिरवी, टोकदार झाडं येता-जाता बघितली होती, तेवढंच. पहिल्या दिवशी पुठ्ठा घेतला. तनूनं तो डोक्यावर टोपी म्हणून घातला आणि काढू देईना. दुसऱ्या दिवशी जुन्या वर्तमानपत्राच्या झिरमिळ्या कापल्या, आकाशकंदिलाला लावतो तशा. खळ शिजवली. रेवानं खळीत हिरवा रंग घातला, तनूनं त्यात कोपरापर्यंत हात घातला आणि मग फ्रिज उघडला. हिरवे पंजे फ्रिजवर, सोफ्यावर, आणि मीनलच्या उद्याच्या इस्त्रीच्या पांढऱ्या कोटावर. संध्याकाळी मीनल काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा जास्त भीती वाटते.

"आजी, हे झाड नाही," रेवा त्या झिरमिळ्यांच्या ढिगाकडे बघून म्हणाली. "ही केरसुणी आहे."

केरसुणीच होती. मला राग आला, आणि रागाच्या भरात मी म्हटलं, "मग मी करते तसं करू. मातीचं."

माझं माहेर इथलंच, बडोद्यातलंच, जुन्या शहरात. दिवाळीत आमच्या गल्लीत घरोघरी किल्ले व्हायचे. किल्ला करायचे माझे भाऊ. बुरूज त्यांचे, गुहा त्यांच्या, मावळे कुठे उभे करायचे तेही तेच ठरवायचे. मला दोनच कामं होती. माती मळायची आणि अळीव पेरायचं. अळिवाचं एक आहे. भिजवलं की त्याला चिकट बुळबुळीत डिंकासारखं सुटतं. मोहरी पेरली तर ती उतारावरून घरंगळते. अळीव उभ्या कड्यालासुद्धा चिकटून बसतं आणि तिथेच रुजतं. गोणपाटाचा तुकडा ओला करून मातीवर ओढून घ्यायचा, वरून भिजलेलं अळीव बोटांनी लिंपायचं. चार-पाच दिवसांत किल्ला हिरवागार. भाऊबीजेपर्यंत सगळी गल्ली भावांचे बुरूज बघायला यायची. हिरवळ कुणाची, हे कुणी विचारत नसे. मलाही ते कुणी विचारावं असं वाटत नव्हतं.

तर टोकदार किल्ला करायचा आणि त्याला झाड म्हणायचं, एवढंच माझं डोकं चाललं. सोसायटीच्या मागं पाया खणत होते, तिथून काळी माती आणली. दोन बादल्या मी, एक लहान बादली रेवा, एक वाटी तनू. गॅलरीत जेवायचा जुना पाट ठेवला आणि त्यावर माती रचायला सुरुवात केली. काळी माती चिकट. मळली की हातालाच घट्ट धरते. रेवा म्हणायची, अजून उंच. मी वाढवायची. तनू म्हणायचा, गुहा. मी गुहा करायची. तो गुहेत हात घालून माती बाहेर काढायचा आणि वरचा भाग खाली बसायचा. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा मी त्याला उचलून न्हाणीघरात उभा केला आणि बाहेरून कडी घातली. तो आतून आरामात गाणी म्हणत बसला. न्हाणीची मोरी मातीनं तुंबली ती त्याच दिवशी.

झाड माझ्या मांडीच्या वरपर्यंत आलं. गोणपाट ओढलं. आता अळीव. तनूच्या वेळच्या बाळंतपणात लाडू केले होते, त्यातलं उरलेलं डब्यात होतंच. भिजवलं. मुलांनी बोटं घातली आणि दोघं किंचाळली.

"ईऽऽ, आजी, शेंबूड!"

"शेंबूडच आहे. लावा गुपचूप."

गुपचूप काही झालं नाही. अळीव रेवाच्या वेणीत गेलं, तनूच्या कानात गेलं, आणि एक दाणा त्यानं नाकात घातला, तो मला हेअरपिननं काढावा लागला. पण झाड भरलं. मग दिवाळीच्या खोक्यातून मावळे आले. लहरीपुऱ्याच्या बाजारातून आणलेले, एकाचा भाला तुटलेला. महाराजांनाही वर बसवू या असं तनूचं म्हणणं होतं. रेवा म्हणाली, "वेडा आहेस का? महाराज सिंहासनावर बसतात. झाडावर नाही." मग महाराज खोक्यातच राहिले आणि टोकावर वाघ बसला. उतारावर मावळे, पायथ्याशी गवळण आणि एक भाजीवाली. मी म्हटलं, अगं, वर चांदणी लागते. तनूनं वाघाला मिठी मारली. वाघच राहिला.

शेजारच्या हंसाबेन कपडे वाळत घालताना त्यांच्या गॅलरीतून वाकल्या. "शालूबेन, आ शुं? जवारा वाव्या? गोरो तो अषाढमां आवे!" त्यांना वाटलं, पोरी गौरीच्या व्रताला गहू पेरतात तसे मी अवेळी जवारे पेरलेत. मी म्हटलं, नाही हो, हे ख्रिसमसचं झाड. त्यांनी हातातलं कापड पिळून दोरीवर टाकलं. मग म्हणाल्या, "वाघ सरस छे."

एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. झाडाला काही येईना. काळं ओलं गोणपाट आणि त्यावर तांबडे ठिपके. रेवा शाळेतून आली की दप्तरासकट गॅलरीत. "आजी, टक्कल आहे अजून." मी सांगायची, थंडी आहे, वेळ लागतो. मलाच खात्री नव्हती. दिवाळीत ऊब असते, ही थंडी निराळी. एक दिवस दुपारी डुलकी लागली आणि जागी होऊन बघते तर तनू झाडावर कप ओततोय.

"काय ओतलंस?"

"दूध. गरम. त्याला थंडी वाजते ना."

संध्याकाळपर्यंत मुंग्यांची रांग हंसाबेनच्या गॅलरीतून आमच्याकडे, झाडावर चढून वाघापर्यंत. हंसाबेन फडकं घेऊन आल्या, रांग पुसली, दोन दाणे नखावर घेऊन दाबून बघितले आणि म्हणाल्या, "आ असेळियो तो जूनो छे, बेन. केटला वरसनो?"

किती वर्षांचं अळीव? मी मनात हिशेब केला. तनू चार वर्षांचा. म्हणजे अळीवही चार वर्षांचं. माझं डोकंच फिरलं. अळीव उगवत नाही ते जुनं आहे म्हणून, ही गोष्ट चौथी न शिकलेल्या बाईलाही कळायला हवी होती. ज्या एकाच कामात मी कधी चुकले नव्हते, त्यातच चुकले. रेवा समोर उभी होती. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मग मिसला काय सांगू?"

मी पायात चपला सरकवल्या आणि नवीन अळीव आणायला निघाले. सगळं घासून काढलं, पुन्हा लिंपलं. सहा दिवस उरले होते. संध्याकाळी झाडाला मीनलची शाल गुंडाळायची, सकाळी काढायची, ऊन आलं की तोंडानं पाण्याची फवारणी. मीनल म्हणाली, "आई, माझी नवी शाल आहे." मी म्हटलं, "झाड पण नवीन आहे." असं मी तिला कधी बोलत नाही.

चौथ्या दिवशी पांढरी टोकं दिसली. पाचव्या दिवशी हिरवी झाक. उन्हाची बाजू बोटभर वाढली, भिंतीकडची अजून खुरटी, एका गालाची दाढी राहून गेलेल्या माणसासारखी. पण हिरवं होतं. रेवा वाकून वास घ्यायची. अळिवाला तिखट, मोहरीसारखा वास असतो. मी एक पान तोडून तिच्या जिभेवर ठेवलं. ती म्हणाली, "झाड चटणीचं आहे." ही चूक माझीच. ते पान तोडायला नको होतं, ते पुढं कळलं.

बावीस तारीख उजाडली. मी ठरल्याप्रमाणे उठताना गुडघा धरला. "आई गं," म्हटलं, थोडं मोठ्यानं. रेवा युनिफॉर्म घालून, केसांना तेल लावून दारात उभी. तिनं माझ्याकडं बघितलं. आत जाऊन बामची बाटली घेऊन आली आणि माझ्या गुडघ्याला बाम चोळायला लागली. चुकीच्या गुडघ्याला. मी सांगितलंही नाही की दुसरा दुखतोय.

मुलगा पाळीवर होता. मीनलची रजा मंजूर झाली नव्हती. ती म्हणाली, "मी जाता जाता रेवाला सोडते, झाड स्कूटरवर पुढं ठेवते." आणि तिनं पाटाला हात घातला.

पाट हलला नाही.

तिनं पुन्हा जोर लावला. मी हात लावला. पाट एक अंगुळ उचलला गेला आणि खाली आला. तेव्हा मला कळलं मी काय करून बसले होते. किल्ला जिथं करतात तिथंच असतो. आमच्या गल्लीतल्या कुणीही, कधीही किल्ला उचलून कुठं नेला नव्हता. दिवाळी झाली की पोरं त्यावर फटाके लावतात आणि माती अंगणात पसरते, एवढंच. काळ्या मातीच्या तीन बादल्या, त्यात अकरा दिवसांचं पाणी. शाळेत न्यायचंय, ही एक गोष्ट सोडून मी सगळा विचार केला होता.

"आई!" मीनल म्हणाली. त्या एका 'आई'त सगळं होतं. मोरी, कोट, शाल, सगळं.

ती कामावर निघून गेली. तनूला हंसाबेनकडं ठेवलं. मी आणि रेवा खाली जाऊन रिक्षावाल्याला घेऊन आलो. त्यानं झाडाकडं बघितलं. "बा, आ डुंगर क्यां लई जवानो?" पण माणूस चांगला होता. पाटाचं एक टोक त्यानं धरलं, एक मी. लिफ्टमध्ये आम्ही तिघं, डोंगर आणि वाघ. रिक्षात मी पाट मांडीवर घेतला. पोटऱ्यांना मुंग्या आल्या. मांजलपूरचा प्रत्येक खड्डा माझ्या मांडीला मोजता आला. रस्ताभर रेवा एका हातानं वाघ धरून बसली होती आणि मी मनात घोकत होते. फाटकाशी उतरायचं, चौकीदाराच्या ताब्यात द्यायचं, लिंबाखाली जायचं.

फाटकाशी चौकीदार म्हणाला, "बा, मूकी दो, प्यून लई जशे." म्हणजे ठेवून द्या, शिपाई नेईल. शिपाई आला. त्यानं झाडाचं टोक धरलं आणि वर ओढलं, घोडा धरावा तसं. गोणपाट फाटलं, एक मावळा खाली पडला.

"टोक सोडा!" मी म्हणाले. "पाट धरा, पाट!"

त्यानं पाटाचं एक टोक धरलं. दुसरं कोण धरणार? रेवा पुढं झाली, तिच्यानं हललंही नाही. चौकीदार फाटक सोडेना. रिक्षावाला निघून गेला होता. मी दुसरं टोक धरलं. शिपाई फाटकाबाहेर आणि मी आतल्या अंगाला. म्हणजे मला उलटं चालायला लागलं. पाट धरलेल्या बाईला मागं वळून बघता येत नाही आणि हातही सोडता येत नाही. डोळ्यांसमोर शिपाई, त्याच्या मागं फाटक, रस्ता, पलीकडे लिंब, सँडविचची गाडी, सगळं लांब लांब जाताना दिसत होतं. रजिस्टरचं टेबल बाजूनं गेलं. कुणी सही मागितली नाही, माझे हातच मोकळे नव्हते. त्या शाळेत मी अशी पाठमोरी शिरले. रेवा मागून सांगत होती, "आजी, पायरी. आजी, अजून एक पायरी. आजी, वर्ग आला."

वर्गात टेबलांवर झाडंच झाडं. आइसक्रीमच्या काड्यांची, कापसाची, बांगड्यांची, एक तर भेंडीच्या ठशांचं. सगळी हलकी, सुबक, एका हातात उचलता येतील अशी. आजी-आजोबा भिंतीला टेकून बसलेले. पँट-शर्टातले आजोबा, लिपस्टिक लावलेल्या आजी. आमचा पाट टेबलावर मावेना, जमिनीवर ठेवला. माझ्या साडीच्या निऱ्यांवर काळी माती. शिक्षिका अगदी पोरसवदा होती, डिंपलमिस. तिनं मला मुलांच्या खुर्चीवर बसवलं. ती खुर्ची इतकी बुटकी की गुडघे हनुवटीला लागले. मग ती म्हणाली, "रेवानां दादी, तमे कहो ने, आ केवी रीते बनाव्युं?"

कसं केलं ते ऐकायला सगळे माझ्याकडं बघायला लागले. तोच पेन थांबल्याचा क्षण. रेवा माझ्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती वाट बघत होती, आणि तेच सहन होत नव्हतं. एक मिनिट गेलं. मिस म्हणाली, "वांधो नही, बा, बेसो." म्हणजे काही हरकत नाही. रेवानं मान खाली घातली आणि बुटाच्या टोकाकडं बघायला लागली.

मिस दुसऱ्या मुलाकडं वळली. तेवढ्यात पोरं उठली. आधी एक, मग चार, मग सगळा वर्ग आमच्या झाडाभोवती. एकानं वाघ घेतला. एकीनं गुहेत बोट घातलं. आणि रेवाच्या शेजारी बसणाऱ्या एका गुटगुटीत मुलानं हिरवळीची एक चिमूट उपटली, तोंडात घातली आणि ओरडला, "तीखुं छे! खवाय छे!" तिखट आहे, खाता येतं, हे रेवानंच त्याला आधी सांगितलं असणार. मग काय, सगळी तुटून पडली. शेळ्या पडतात तशी. उन्हाकडची बाजू, ती बोटभर वाढलेली, जिच्यासाठी मीनलची शाल गेली, ती माझ्या डोळ्यांदेखत ओरबाडली जात होती.

माझ्यात काय संचारलं मला माहीत नाही. मी त्या बुटक्या खुर्चीवरून उठले आणि ओरडले. घरी तनूवर ओरडते तशी, तितक्याच मोठ्यानं.

"ए ऽऽ! हाथ पाछळ! बधांना हाथ पाछळ! कोणे तोड्युं? अकरा दिवस लाग्या छे आने! बकरी छो तमे?"

पोरांचे हात पाठीमागं. दोन आजोबांनीही हात मागं घेतले, ते मी नंतर आठवून हसले. त्या वेळी हसू नव्हतं, मी चिडले होते. चिडूनच पुढं बोलत गेले. हे अळीव आहे, याला असेळियो म्हणतात, हे भिजवलं की याला शेंबूड सुटतो, म्हणून हे चिकटतं, म्हणून हे उभ्या डोंगरावर उगवतं, मोहरी नाही उगवत, ती पडते. आणि जुनं असलं तर उगवत नाही. आणि गरम दूध घालायचं नसतं. पोरं 'शेंबूड' ऐकून खिदळली. मी म्हटलं, हसू नका, तुमच्या नाकातपण आहे. एकानं विचारलं, बा, आमां वाघ केम छे, म्हणजे यात वाघ कशाला? मी म्हटलं, किल्ला आहे तो, वाघ नको? एकीनं विचारलं, मुळं कुठे असतात. मी गोणपाटाचं फाटलेलं टोक उचलून दाखवलं. केसांसारखी पांढरी मुळं, धाग्याधाग्यांत घुसलेली. सगळी डोकी खाली वाकली. हात मात्र पाठीमागंच होते.

किती वेळ बोलले कोण जाणे. गप्प झाले तेव्हा पुन्हा घाबरले आणि पदरानं तोंड पुसत खाली बसले.

घरी जाताना रिक्षात रेवा म्हणाली, "आजी, तू मिससमोर शेंबूड म्हणालीस."

"तूच म्हणाली होतीस आधी."

"मी घरी म्हणाले होते." मग रिक्षाबाहेर बघत, "सगळे विचारत होते, तुझी आजी घरीपण इतकी ओरडते का. मी हो म्हणाले."

झाड शाळेतच राहिलं. परत कोण आणणार? पाट मात्र मी पुढच्या आठवड्यात मागवून घेतला, जेवायचा होता.

तेव्हापासून दर डिसेंबरात डिंपलमिसचा फोन येतो. मुलं मोठी झाली, पहिलीत दरवर्षी नवी येतात, आणि मिसला तेच झाड हवं असतं, तशीच ओरडणारी आजी हवी असते. रेवाला आता लाज वाटते. ती म्हणते, "आजी, प्लीज, मी नववीत आहे, त्या बाजूनं येऊ नकोस." तनू सातवीत आहे. अळीव भिजवायला बस म्हटलं तर मोबाइलमधून मान वर काढत नाही. काल मी त्याच्यावर ओरडले तर म्हणतो, "आजी, हात मागे घेऊ का?" कार्टा.

आणि दरवर्षी मीनल तेच सांगते. मागच्या वर्षी शिपायाची कंबर धरली तेव्हापासून तर रोज. "आई, आत एक पत्र्याचा मोठा डबा पालथा घाला, वरून नुसता मातीचा थर द्या. झाड हलकं होईल. कुणीही उचलून नेईल." अगदी बरोबर सांगते. हुशार आहे ती. मी दरवर्षी 'हो हो' म्हणते.

उद्या बाजारातून ताजं अळीव आणायचं आहे. सोसायटीच्या मागं आता इमारत उभी राहिली, काळी माती लांबून आणावी लागते. तीन बादल्या. मीनलनं तेलाचा एक रिकामा डबा धुऊन, पुसून गॅलरीत आणून ठेवलाय, पाटाशेजारी, माझ्या डोळ्यांसमोर येईल असा. मी तो उचलून पापडांच्या पिंपामागं ठेवला. नीट ठेवला. झाड हलकं झालं तर ते चौकीदाराच्या हातात देता येईल, आणि मग मी लिंबाखाली जाऊन उभी राहीन. मी स्वतःला चांगली ओळखते.